तीन नंबरचा बिल्ला

विरजण मागायला गेले होते मी, दुसरं काही नाही. गंगाखेडला आमच्या गल्लीत शिवकांतचं घर माझ्या भिंतीला लागून. दार उघडं दिसलं की पाय आपोआप वळतात, खोडच आहे माझी. भर दुपार होती. त्याच्या बायकोने, महानंदाने, नुकतंच न्हाऊ घातलेलं लेकरू, दीड महिन्याची ईश्वरी, माझ्या मांडीवर दिलं आणि स्वतः मोरीत अंघोळीला गेली. घरभर ओव्याच्या धुरीचा वास.

शिवकांत पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. लॅपटॉपसमोर बसला होता, पण बोटं हलत नव्हती.

"काय झालं रे शिवा?"

"काकू, आईच्या खोलीत माईक लावला होता बघा..."

माहीत होतं. त्याची आई, सत्यशीलाबाई, अंथरुणाला खिळल्या होत्या. खोकल्या की याला बाहेर ऐकू यावं म्हणून लावलेला. दोनदा खोकायच्या आणि गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घट्ट धरायच्या. महानंदा मग पाण्यासाठी धावायची. सासूला ती आत्याबाई म्हणायची. नातीचं तोंड बघायच्या आधीच म्हातारी गेली. आम्हा लिंगायतांच्या रीतीने अंगाला विभूती फासून, लिंगासकट बसवून माती दिली.

"तोच माईक पाळण्याला लावायलोय. आई गेल्यावर तिचं बंद केलं होतं मी."

"मग लाव की. तोंड का पडलंय?"

"मुंजाजीच्या गिरणीत डब्याला बिल्ला देतात ना, तसं हे लॅपटॉपचं मशीन जे उघडंल त्याला नंबर देतं. आईचा तीन. बंद केलं की बिल्ला परत, पुढच्याला तोच. परत दिलेल्या बिल्ल्यावर काही मागितलं, तर मशीननं चूक म्हणून सांगायलाच पाहिजे. हर वेळी. न्हाई तर कुणाचं पीठ कुणाच्या डब्यात."

"मग?"

"आज तीनवर आवाज मागून बघितला. चूक म्हणत न्हाई... ऐका."

स्पीकरमधून खोकला आला. दोनदा. माईक तर समोर टेबलावर पडलेला, वायर गुंडाळलेली.

मी लेकराला जवळ ओढलं. "जुनं रेकॉर्डिंग असंल..."

"रेकॉर्ड कधी केलंच न्हाई." आवाज पार खाली गेला त्याचा. "सगळीकडं मशीनचं उत्तर तपासलं, काकू. बंद करताना तेवढं न्हाई बघितलं. बंद झालं का म्हणून विचारलंच न्हाई मी..."

त्याने पुन्हा बंद केलं. या वेळी उत्तर येईपर्यंत पडद्यावरून नजर हलवली नाही. बंद झालं. स्पीकर गप्प.

"गेली," म्हणाला, आणि बाहीने डोळे पुसले. मग वायर सोडवून पाळण्यासाठी माईक नव्याने उघडला.

मला कुठे राहवतंय. "हिला कितवा मिळाला?"

"तीनच. मोकळा झाला तोच मिळतो."

तेवढ्यात माझ्या मांडीवर ईश्वरी खोकली. दोनदा. लेकराचा खोकला नव्हता तो; जड, घरघरता, पिकल्या छातीतला. तिची मूठ गळ्याशी गेली आणि मिटली. तिला लिंग अजून बांधायचं होतं, गळा रिकामाच होता.

मोरीतून महानंदा सवयीने बोलली, "अहो, आत्याबाईंना पाणी द्या की..."

आणि तांब्याचा आवाज एकदम थांबला.

शिवकांत माझ्याकडे बघेना. मीच ती मूठ उघडली, एकेक बोट सोडवत. नुकताच धुतलेला तळहात. आत ओली विभूती होती, आणि तिला खणलेल्या मातीचा वास येत होता.