डोक्याकडची फळी

मंगळवार, १३ ऑगस्ट १९७४. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

कोल्हापुरात, उत्तरेश्वर पेठेतल्या अमीन सुताराच्या घरात, हलत्या पाळण्यातून एकोणपन्नास दिवसांची मुलगी नाहीशी झाली.

पाळण्याची दोरी त्या वेळी एका बाईच्या हातात होती.

वेळ नक्की आहे. हाक ऐकल्यावर अमीननं, का कोण जाणे, आधी मनगटावरचं घड्याळ पाहिलं होतं. घरात तिघं होती. तिघांनी वेगवेगळं बसून सांगितलं, आणि तिघांचं जुळलं. जे जुळलं नाही, ते इथं घेतलेलं नाही.

पाळणा बायडाबाईंचा होता. बायडाबाई शेजारच्या बोळात राहायच्या, आणि त्यांचा तो पाळणा पेठेत सगळ्यांना माहीत होता. अकरा पोरं त्यात वाढली होती. अकराही जगली होती.

ज्या घरात मूल टिकत नाही, त्या घरी तो पाळणा मागून नेत. विकत कोणी मागायचं नाही. परत देताना त्यात शेरभर जोंधळे आणि नारळ घालायचा. आणि जे मोडलं असेल ते दुरुस्त करून द्यायचं.

दुरुस्ती दर वेळी अमीनकडेच यायची. कधी एक गज. कधी तळाची फळी. कधी खांब, कधी साखळी. अठरा वर्षं.

काढलेला तुकडा तो टाकत नसे. मापात कापलेलं लाकूड टाकणं त्याच्या हाताला जमायचंच नाही. सगळं पोटमाळ्यावर एका पोत्यात जायचं.

धंदा त्याला वडलांनी, म्हणजे पेठेच्या गैबीचाचांनी, शिकवला होता. ते अडुसष्ट साली गेले. त्यांची एक ताकीद होती.

"सगळं बदल. पर जुनं एक तरी ठेव. न्हाईतर त्या वस्तूला कळत न्हाई, आपुन कुठं ऱ्हायचं ते."

अमीन हसायचा. पण पाळायचा.

रशिदाची, म्हणजे अमीनच्या बायकोची, आधीची दोन मुलं गेली होती. एक अकराव्या दिवशी, एक दीड महिन्याचं. जूनमध्ये मेहमुदा झाली, तेव्हा रशिदा बाळंतिणीच्या खाटेवरूनच म्हणाली, "बायडामावशीचा पाळणा आणा. दुसऱ्या कशात मी तिला घालणार न्हाई."

पाळणा आला. त्यात मूळचं एकच उरलं होतं... डोक्याकडची फळी. अकरा पोरांनी दात शिवशिवताना तिची कड चावून चावून गोल केली होती. एका कोपऱ्याला कुसळ उभं राहिलं होतं.

दुसऱ्या कोणाचं मूल असतं, तर अमीननं कुसळ घासलं असतं.

आपल्या मुलीसाठी त्यानं फळीच बदलली.

चाळिसाव्या दिवशी मेहमुदाला पाळण्यात घातलं. रशिदानं दोरी ओढली. पाळणा हलला. नवं काम, घट्ट सांधे. आवाज कसला तो नाही.

आवाज आला...

वरून. पोटमाळ्यावरून.

कर्र... कुई. कर्र... कुई.

"उंदीर हाईत," अमीन म्हणाला.

"उंदीर झोका घेत्यात व्हय?" रशिदा म्हणाली.

दोरी थांबवली की वरचा आवाज थांबायचा. लगेच नाही. आणखी दोन हेलकावे झाल्यावर.

मेहमुदा त्या पाळण्यात झोपेना. रडायचीही नाही. नुसती वर बघायची. दूध कमी झालं. आठव्या दिवशी तिची मूठ सैल पडली, तशी रशिदा नवऱ्याला म्हणाली, "तिसरीबी जाणार. मला दिसतंय."

त्याच दिवशी अमीननं घरातली एकुलती शिडी मंगळवार पेठेत गणपतरावांच्या छपराच्या कामावर नेली. ती तिथंच राहिली. गणपतरावांनी हे नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायडाबाई आल्या. बाहेर पाऊस. अमीन पुढच्या दारात रंधा मारत होता. त्याला ओलांडल्याशिवाय आत येता येत नव्हतं, बाहेरही जाता येत नव्हतं.

"आगं, हे काय पोर! वाळल्या शेंगंगत झालंय," बायडाबाई दोरी हातात घेत म्हणाल्या. "आन् पाळणा कुणाचा घातलाईस ह्यो?"

"तुमचाच की, मावशी."

"माझा? माझा बोलतोय गं हलताना. ह्यो मुका हाय."

रशिदा चहाचं बघायला वळली.

बायडाबाई दोरी ओढत राहिल्या. मग त्यांच्या हाताला जाणवलं...

दोरी हलकी झाली होती.

त्यांनी आत पाहिलं. दुपटं होतं. दुपट्यात खळगा होता. खळग्याला हात लावला, तर ऊब होती.

"अमीन!"

तीन दहा.

अमीन आत आला. बायडाबाईंनी दोरी सोडली. पाळणा थांबला.

वरचा थांबला नाही...

कर्र... कुई. कर्र... कुई.

शिडी नव्हती. अमीननं बाकावर पिंप चढवलं आणि पोटमाळ्याच्या दोन फुटी तोंडातून डोकं वर घातलं.

पोतं रिकामं होतं.

पाळणा उभा होता. सगळा जुना. खांब, गज, तळफळी. आढ्याच्या वाशाला गंजक्या साखळ्यांनी टांगलेला. डोक्याशी ती चावलेली फळी. कुसळासकट.

आत मेहमुदा झोपली होती. ओठांच्या कडेला दुधाचा थेंब होता.

अमीननं आधी सांधे पाहिले. सुताराची नजर, ती आधी तिथंच जाते. एकही खिळा नव्हता. बांबूच्या खुंट्या ठोकल्या होत्या. ती गैबीचाचांची पद्धत. अमीन कधी तसं करत नसे.

खुंट्या ओल्या होत्या. नुकत्याच तासलेल्या.

खाली आल्यावर तो पोरीला छातीशी धरून म्हणाला, "जाळतो सगळं."

"हात लावून बघा," रशिदा म्हणाली. "पोर त्यात झोपलीया. नऊ दिसांत पयल्यांदा."

बायडाबाईंनी पोटमाळ्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "वरचा माझा हाय. खालचा तुझ्या हातचा. पोर पाळण्यात हाय तवर ठेव. पर माघारी मला वरचाच पायजे, लेका. पुढल्या घरी बाई अडलेली असती."

अमीन हो म्हणाला.

मेहमुदा वर्षभर पोटमाळ्यावर झोपली. रशिदा तिच्याजवळ बसून असायची. मूल भरलं, रांगलं, चाललं. जगलं.

पाळणा मात्र परत गेला नाही. तो अख्खा त्या तोंडातून बाहेर निघत नव्हता. काढायचा तर सोडवावा लागणार होता, आणि सोडवून पुन्हा जोडलेला पाळणा तोच असेल, हे अमीनला कोणी खात्रीनं सांगेना. मेहमुदाचं काय होईल, हेही.

खालचा नवा पाळणा त्यानं सोडवून ठेवला. त्याची एक पट्टीही दुसऱ्या कामाला वापरली नाही.

बायडाबाई ऐंशी साली वारल्या. त्यांच्या गडहिंग्लजच्या भाच्याची दोन पत्रं आली. दुसरं १९८३ च्या जानेवारीत. सुनेचं एक मूल गेलं आहे, दुसऱ्या वेळचे दिवस भरत आलेत, मावशीचा पाळणा द्यावा.

पत्र अमीनच्या हत्यारांच्या पेटीत आहे. उत्तर गेलेलं नाही.

मेहमुदा आता तिसरीत आहे. तिच्या बाईंची एकच तक्रार असते. मंगळवारी दुपारी, तीन दहाच्या सुमाराला, मुलगी बसल्या जागी डुलते. हाक मारली की थांबते. लगेच नाही. आणखी दोनदा डुलल्यावर.

मार्च महिन्यात अमीननं पोटमाळा झाडला. पाळण्याखाली पिवळा भुगा पडला होता. डावीकडून तिसरा गज भुंग्यानं आतून पोखरलाय. बोटानं दाबला तर आत जातो.

त्याच जागेचा नवा गज त्याच्याकडं तयार आहे. सोडवून ठेवलेल्या खालच्या पाळण्यातलाच, त्याच मापाचा, त्याच्याच हातचा.

तो त्यानं वर नेऊन पाळण्याशेजारी ठेवला आहे.

अजून बसवलेला नाही.