सिंधूताईंचं काळं नाणं

"माझं नाणं कोणीतरी बदललं," काळ्या चष्म्याआडून सिंधूताई म्हणाल्या. "चोर मले माहीत आहे. फक्त पुरावा पाहिजे."

नागपुरात खासगी तपासाचं काम करणाऱ्या नंदिनी खोब्रागडेने नाणं हातात घेतलं. तिचा मदतनीस अमोल मान डोलावत होता. घाईने निष्कर्ष काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

नाणं सिंधूताईंच्या यजमानांना, महादेवरावांना, वेंगुर्ल्याच्या वाळूत सापडलं होतं. नवराबायकोने मिळून पाहिलेला तो एकच समुद्र. महादेवराव गेले आणि नाणं देव्हाऱ्यात आलं.

"डांबरासारखं काळं होतं. हे पाहा, लालभडक! धंतोलीच्या दवाखान्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी निघाली, देवाले बसले, तर हे! तोवर घरात स्वयंपाकवाली पंचफुलाच होती."

"डाव्या डोळ्याचं ऑपरेशन?"

"व्हायचं आहे."

नंदिनी देव्हाऱ्यापाशी वाकली. बाळकृष्णाचं नाक झिजून सपाट झालं होतं. शेजारी वाटीत चिंच भिजत होती.

"देव कोण घासतं?"

"मीच. दर सोमवारी, पार पहिल्यापासून. ते काम मी कोणाले देत नाही."

सिंधूताईंचा पुतण्या जितेंद्र बर्डीच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात भेटला. "काका होते तेव्हाच सराफाले दाखवलं होतं मॅडम. कंपनी सरकारचा तांब्याचा पैसा, तराजूचा छाप. म्हणे, ऐसे बहुत मिलते हैं. सोनं आहे का पाहाले काकाने काठावर कानस मारली होती. काकूले सांगितलं नाही, रागावली असती. ते चोरून मी काय करू?"

"हाच," बाहेर येताच अमोल कुजबुजला.

पंचफुलाने त्यांना आपल्या घराच्या दारातच उभं केलं. "मी नाही बदललं. माहा हात देव्हाऱ्याले लागूच देत नाहीत बाई. अन् गल्लीतल्या पूर्ण लाइनीसमोर मले चोर म्हणलं!" तिचे डोळे भरून आले. "त्यांच्या घरी दुसरं येते कोण, सांगा बरं!"

आपल्या खोलीवरही कोणी येत नाही, हे परतताना अमोलला उगाच आठवलं आणि फार वाईट वाटलं.

"चष्मा काढा," नंदिनी सिंधूताईंना म्हणाली. "उजवा डोळा हाताने झाका. आता बघा."

तळहातावरचं नाणं सिंधूताईंनी डाव्या डोळ्याजवळ नेलं. "काळं... हेच वं बाई! हेच माझं! कुठं सापडलं?"

"हात काढा."

नाणं पुन्हा लाल झालं. सिंधूताईंनी डोळा पुन्हा झाकून पाहिला.

"काठावर महादेवरावांच्या कानशीची खूण आहे," नंदिनीने भिंग पुढे केलं. "खाचेत अजून जुना हिरवट थर आहे. तो तांब्यावर वर्षानुवर्षं चढतो. पंचफुला देव्हाऱ्याला हात लावत नाही. आणि सराफाने मोडीत काढलेलं नाणं बदलायचं कोणी, कशासाठी? राहिली तुमची चिंच. देवांबरोबर दर सोमवारी हेही घासलं गेलं. बाळकृष्णाचं नाक गेलं, तसा याचा थर गेला. मोतीबिंदूच्या डोळ्याला ते दिसलं नाही. खरं तर जुनं नाणं कधी घासू नये. नुसत्या पाण्यात भिजवून मऊ कापडाने टिपायचं."

"म्हणजे त्यांचा समुद्र मीच धुऊन टाकला," सिंधूताई म्हणाल्या.

अमोलने आपल्या फोनवरून पंचफुलाचा नंबर लावून त्यांच्या हाती दिला.

"पंचफुला, माझंच चुकलं वं. नाणं तेच आहे. मी लाइनीत सगळ्यांले सांगतो."

पलीकडून आवाज आला, "काम नाही करत मी आता तुमच्याकडं."

"बरं," सिंधूताई कशाबशा म्हणाल्या.

"डोळ्यात ड्रॉप कोण टाकून राहिलं?"

"कोणीच नाही."

"काहून?" पंचफुला चिडलीच. "डोळा घालवता काय? दाराची कडी काढून ठेवा."