हिचा जीव मागं हाय

"अब्बा चोर म्हणून गेले," धम्मप्रियाच्या नांदेडच्या ऑफिसात शहजादी म्हणाली. "तेवढा डाग पुसा, ताई."

धम्मप्रिया गुप्तहेर खरी, पण मेलेल्या आरोपीची केस तिच्याकडे पहिलीच.

लातूरच्या मडिवाळप्पांकडे ब्राझीलमध्ये बनलेली जुनी ब्रासिलिया मोटार होती. तिला शहजादीच्या अब्बांशिवाय, करीम मिस्त्रीशिवाय, कुणी हात लावत नसे. मडिवाळप्पा वारल्यावर त्यांच्या मुलाने, रुद्रेशने, गाडी दुसऱ्या मिस्त्रीला दाखवली आणि करीमने अस्सल इंजिन चोरल्याची बोंब गावभर झाली. करीमचं गॅरेज बंद पडलं. मागच्या महिन्यात त्या झुरणीतच ते गेले.

दुसऱ्या दिवशी धम्मप्रिया सहायक अश्वजितला घेऊन लातूरला रुद्रेशच्या घरी गेली. शहजादी फाटकाबाहेरच थांबली.

रुद्रेशने बोलावलेल्या त्या दुसऱ्या मिस्त्रीने, निवृत्तीने, गाडीचं पुढचं झाकण उचललं. "बघा की. म्होरं जागा रिकामी. रेडिएटर सुदिक न्हाई. अन् मागं बसवलंय त्या बारक्या बीटल गाडीचं इंजिन!"

"कागदावरचा इंजिन नंबर?"

"कागदं वाळवीनं खाल्ली," रुद्रेश म्हणाला. "करीम तीनदा आला. 'अव्वाला विचारा' म्हणायचा. म्हाताऱ्या आईला कशाला त्रास? फाटकातूनच परतवला."

घरात रुद्रेशच्या आईने, गुरम्माबाईंनी, चहा आणला. भिंतीवर गाडीच्या पूजेचा १९८४ सालचा फोटो होता. गाडीच्या मागच्या झाकणावर विभूतीचे पट्टे, खाली फुटलेला नारळ, शेजारी तरुण गुरम्माबाई.

अश्वजित हसला. "फोटोवाला येडाच! तोंड सोडून गाडीची पाठ काढली."

धम्मप्रिया हसली नाही. "करीमचाचा कधीपासून यायचे, आजी?"

"ब्याण्णवपासून. लई गुणी लेकरू."

धम्मप्रियाने सगळ्यांना फोटोसमोर बसवलं.

"चोरी झालीच नाही. ब्राझीलमध्ये ही गाडी बीटलच्याच सांगाड्यावर, बीटलच्याच इंजिनावर बांधली. इंजिन जन्मापासून मागं. ते वाऱ्यावर थंड होतं, मग रेडिएटर कशाला? पुढची जागा सामानाची."

"कशावरून?" निवृत्ती गुरगुरला.

"नवीन गाडी आली की विभूती कुठं लावता?"

"इंजिनाच्या झाकणावर."

"मग फोटोत बघा. करीमचाचा यायच्या आठ वर्षं आधीचा आहे."

गुरम्माबाईंना आठवलं. "स्वामी म्होरंच विभूती लावून राहिले व्हते. मालक म्हणले, 'स्वामी, हिचा जीव मागं हाय.' लई हसलो तवा." मग त्या थांबल्या. "पर चोरी कसली?"

रुद्रेशने खाली मान घालून सगळं सांगितलं.

"तीनदा आलता? अन् मला कुणी इचारलं न्हाई?"

अश्वजितला आपल्या हसण्याची लाज वाटली.

गुरम्माबाई भिंतीला धरत अंगणात गेल्या. फाटकाची कडी त्यांनीच काढली.

"आत ये, माय," त्या शहजादीला म्हणाल्या. "तुझ्या बापाला आमी भाईरच ठिवलं."