जो लांब, तो आधी

लाल तबकडी थेट भेळेत पडली.

चुरमुरे उडाले — माझ्या ओढणीवर, शितलच्या केसांत. शितल माझ्या खोलीतली मैत्रीण. ती किंचाळली. मी मात्र चिंचेचं पाणी गळणाऱ्या त्या प्लास्टिकच्या चकतीकडं बघत बसले. ताटलीएवढी. झाकण म्हणावं, तर कशाचं?

तेवढ्यात तो पळत आला. खाकी पँट, तिला ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं.

"लागलं का?"

"भेळेला लागलं," मी म्हणाले.

"दुसरी देतो की... तेवढी ती तबकडी."

"पण ही आहे कशाची?"

"खेळ हाय. तिथनं फेकायची, हितं टोपलीत."

मी वर बघितलं. ज्या लोखंडी खांबाला टेकून बसले होते, त्याला साखळ्या लोंबत होत्या आणि त्यांच्याखाली जाळीची टोपली होती. मी त्याला दिव्याचा खांब समजले होते.

"म्हणजे आम्हीच मधे बसलो? मग ओरडायचं नाही का?"

"मला वाटलं, माझी कुठं हितवर यायला..."

शितल केस झटकत म्हणाली, "नाव काय हो तुमचं?"

"सुदर्शन."

आम्ही दोघी इतक्या हसलो, की उरलेली भेळही सांडली. "नाव सुदर्शन, आणि चक्र लोकांच्या भेळेत!"

तो कानापर्यंत लाल झाला. मग माझ्याकडं बघून, "तुमचं?"

हे कुणी विचारलेलं मला आवडायचं नाही.

"नकुशी."

तिसरी मुलगी मी. पुढं मुलगी नको, म्हणून ठेवलेलं नाव. ऐकणारा एकतर कीव करतो, नाहीतर विषय बदलतो.

तो म्हणाला, "कुणाला?"

"काय?"

"नकुशी... कुणाला?"

मी ओढणीवरचे चुरमुरे वेचायला लागले.

*

जिथे पडेल, तिथून पुढे फेकावी.

हा बोर्डावरचा पहिला नियम. बोर्ड बागेच्या गेटाशी होता. वर मोठ्या अक्षरांत 'नवशिक्यांसाठी सोपा खेळ', खाली तीन नियम. बस.

दोन हजार चार साल. रांजणगावच्या एका कारखान्यात फिनलंडचा इंजिनिअर आला होता. तिकडं म्हणे हा खेळ बागाबागांतून खेळतात. त्याच्या हौसेखातर शिरूरच्या नदीकाठच्या बागेत नऊ टोपल्या उभ्या राहिल्या. सुदर्शन त्याच कारखान्यात वेल्डर. टोपल्या त्यानंच जोडलेल्या. साहेब मायदेशी गेला. तबकड्या बाग राखणाऱ्या कोंडिबामामांकडं राहिल्या, आणि खेळायला राहिला एकटा सुदर्शन.

मग मी.

मी दुसऱ्या कंपनीत सोल्डरिंगला होते. सुट्टी दोघांचीही गुरुवारी. शितल दोनदा आली, मग म्हणाली, "मला तुमच्यात कबाबात हड्डी व्हायचं नाही." मी रागावल्यासारखं केलं.

"अशी न्हाई. मनगटातनं," तो शिकवायला लागला, आणि माझी तबकडी साखळ्यांत गेली. खळ्ळकन.

"...कुठं शिकला?"

"गोफण. वरवंडला आमची ज्वारी मीच राखायची."

"गोफण तर आमच्यात बी हाय की. आज्जा मेंढरं वळायचा."

"मग तुमचा हात असा कसा?"

"हात वेल्डिंगला गेला," तो म्हणाला. आणि पुढची तबकडी चार पावलांवर मातीत घातली.

*

जो लांब, तो आधी.

"हे का असं?" मी विचारलं होतं.

"जो टोपलीपास्नं लांब, त्यानं आधी फेकायची. साहेब म्हनायचा, मागं ऱ्हायलंय त्याला ताटकळत ठिवू नये."

मला हा नियम फार आवडला. आमच्या घरात जो मागं राहिला तो मागंच राहायचा. ताईचा फ्रॉक अक्काला, अक्काचा मला. भाकरीही तव्यावरची शेवटची. कुठल्याही रांगेत माझ्यापुढं कुणीतरी असायचंच.

इथं मी पुढं असायचे. रोज... म्हणजे दर गुरुवारी. त्याची तबकडी कायम मागं. तो आधी फेकायचा, तरी मागं. मग चालत माझ्या बाजूला येऊन उभा राहायचा आणि मी फेकताना गप्प बघायचा.

"इतक्या दिवसांत पुढं यावंसं नाही वाटत तुम्हाला?"

"हितनं चांगलं दिसतं."

"काय?"

"...टोपली."

नवरात्रात एकदा भुरभुर सुरू झाली. पाचव्या टोपलीपाशी झाड नाही, आडोसा नाही. त्यानं तबकडी माझ्या डोक्यावर धरली.

"एवढ्याशा छत्रीत काय होतंय?"

"भांग तरी कोरडा ऱ्हाईल."

त्याचा हात भिजत होता. मनगटावर भाजल्याचा जुना डाग. मी तो बघितला. त्यानं मला बघताना बघितलं... आणि दोघंही घोडनदीकडं बघायला लागलो. जसं काही तिथं कुणी बोलावलं होतं.

आम्ही माळी, ते धनगर. दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून तो विषय कुणीच काढत नव्हतं.

*

पाण्यात गेली तर —

बोर्डावर काही नाही.

दिवाळीनंतरचा गुरुवार. घरून पीसीओवर निरोप आला होता. दौंडचं स्थळ, मुलगा रेल्वेत, पसंती झालीय, रविवारी सुपारी फोडायची. नोकरी सोडून ये. माझी बॅग कोंडिबामामांच्या खोलीत होती. संध्याकाळची दौंड गाडी.

मी एवढं ठरवून आले होते, की तो एकदा बोलला तर मी घरी तोंड उघडणार. आबांसमोर उभी राहणार. पण आधी त्यानं बोलायला हवं होतं. एकदाच.

"मला काहीतरी सांगायचंय," मी म्हणाले.

"मला बी."

"मग आधी कोण?"

तो हसला. हसला, पण तबकडी हातात नुसतीच फिरवत होता. "नियम हाय की. जो लांब, तो आधी."

नववी टोपली नदीच्या काठावर. मी जीव ओतून फेकली. टोपलीच्या पायाशी पडली. मनात म्हटलं, आता हा लांबच पडणार. रोजच पडतो. मग यालाच बोलावं लागेल...

त्यानं फेकली.

तबकडी टोपलीवरून गेली, बाभळीवरून गेली, आणि पाण्यात. लाल ठिपका थोडा वेळ वाहताना दिसला. मग तोही नाही.

मला हसू आवरेना. "सुदर्शन! अहो, चक्र बुडालं की!"

तो हसत नव्हता. "लांब तर माझीच गेली," म्हणाला.

"हरवलेली कशी मोजायची? डाव संपला."

"...संपला?"

"मग काय! तबकडीच नाही."

मी चेष्टेत होते. पुन्हा सांगते, चेष्टेत होते. हट्ट करेल, भांडेल, म्हणेल की माझा नंबर आहे. त्यानं नदीकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "बरं. तुमी सांगा मग."

"रविवारी सुपारी आहे माझी."

नदीपलीकडं कुणाचंतरी इंजिन ठकठक करत होतं.

"पोरगं चांगलं हाय का?"

"आहे म्हणतात."

"मग... बरं हाय."

"तुम्हाला काय सांगायचं होतं?"

"काय न्हाई. ती सात नंबरची टोपली हलतीय. वेल्ड मारायचाय."

त्यानं माझी बॅग स्टँडपर्यंत आणली. गाडीत जागा धरून दिली. खिडकीखाली उभा राहिला. गाडी सुटताना त्याचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण खिडकीची काच अडकलेली होती, आणि दोन्ही हातांनी ढकलूनही ती सरकली नाही.

*

दुसऱ्याचे फेकून होईपर्यंत जागचे हलू नये.

तिसरा नियम. तेव्हा आम्ही तो फार मनावर घेतला नव्हता.

लग्नात माझं नाव बदललं. तांदळात अंगठीनं लिहिलं — धनश्री. सगळ्यांना बरं वाटलं. आबांनाही. नवरा रविराज माणूस चांगला. दौंडच्या क्वार्टरमध्ये गुलाब लावतो, माझ्या चहात साखर आठवणीनं कमी टाकतो. 'नकुशी' कुणी म्हणत नाही आता. आणि कुणी विचारतही नाही, कुणाला.

पाच वर्षांनी शिरूरमार्गे नगरला निघालो होतो. तिथंच गाडी पंक्चर झाली, आणि पंक्चरवाला नेमका बागेसमोर. "तू सावलीत बस जा," रविराज म्हणाला. "झालं की हॉर्न देतो."

बोर्ड होता. गंजलेला, पण तीनही ओळी वाचता येत होत्या. टोपल्यांच्या साखळ्या नव्हत्या. एका टोपलीत कुणीतरी झेंडूची कुंडी ठेवली होती.

कोंडिबामामा माठातून पाणी काढत होते. मला बघून थांबले.

"नकुशी न्हवं तू?"

किती दिवसांनी ऐकलं ते. "हो मामा."

"बस, बस. पानी पी." त्यांनी माठावरचं झाकण बाजूला ठेवलं. गोल. प्लास्टिकचं. एकेकाळी लाल असावं, आता गुलाबीही म्हणवत नव्हतं.

"मामा, ही..."

"घावली की. उन्हाळ्यात नदी आटली तवा. माठावर बरुबर बसतीया."

मी हात लावला. गार होती.

"आणि ते?"

"सुदर्शन? त्यो गेला गुजरातला, कंपनीनं न्हेला. मामाची पोरगी केली म्हनं." त्यांनी तंबाखू मळली. "येडं पोरगं. पर हात काय हुता!"

"कुणाचा? त्यांचा?" मला हसू आलं. "मामा, त्यांना कधी जमलंच नाही."

"जमत न्हवतं? अगं, पहिल्या शिफ्टच्या आदी यायचा, मी झाडांला पानी घालायचो तवा. येक टोपली चुकायचा न्हाई. आन् गुरवारी तू आली, की भलतीकडंच. मी म्हनायचो, का रं? तर नुसता हसायचा."

मी तबकडीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"नदीत टाकली त्या दिशी बी मी इचारलं. म्हनला, मामा, लांब जायला पायजे हुती... पर लईच लांब गेली."

मी पेला खाली ठेवला.

म्हणजे तो मागं पडत नव्हता. तो मला पुढं ठेवत होता. एकेक गुरुवार, एकेक टोपली. आणि एकदा, एकदाच, त्याला त्या नियमाचा उपयोग स्वतःसाठी करायचा होता. मी हसले होते. डाव संपला म्हणाले होते.

मी उठले. तबकडी घेतली आणि नवव्या टोपलीसाठी जिथून फेकायचो, तिथं जाऊन उभी राहिले. समोर नदी. यंदा पाणी होतं.

मनगट विसरलं नव्हतं. टोपलीवरून, बाभळीवरून... मुद्दाम.

"अगं ए! माज्या माठाचं झाकान!" मामा मागून ओरडले.

फिका ठिपका थोडा वेळ दिसला. लांब गेली. माझीच लांब. म्हणजे मी आधी.

"सुदर्शन," मी म्हणाले. आम्ही शेवटपर्यंत एकमेकांना तुम्ही म्हणत होतो. "सुदर्शन, तू मला हवा होतास."

माझं फेकून झालं. आता नंबर त्याचा. मी तिथंच थांबले, हलले नाही, वाऱ्यानं तोंडावर आलेला पदरही बाजूला केला नाही. दुसऱ्याचं होईपर्यंत हलायचं नसतं.

गेटावर हॉर्न वाजला. एकदा. मग जरा थांबून पुन्हा, हळूच... चांगल्या माणसानं वाजवावा तसा.

"धनश्री!"

मी नियम मोडला.