काकडीच्या वासाचं पान

"मॅडम, माझ्या बायकोने माझ्या वडिलांना विष घातलंय. या आणि तिला घेऊन जा."

फोनवर एवढंच. फौजदारबाईंनी काही विचारायच्या आत तो ठेवलाही गेला. पण आवाज त्यांनी ओळखला. घड्याळजींचा मुलगा.

घड्याळजी गेल्याची बातमी सगळ्या वस्तीत पसरली होती. बाईंच्या मनगटावरचं घड्याळ त्यांनीच दुरुस्त केलेलं. वडिलांची आठवण म्हणून बाई ते दुकानोदुकानी घेऊन फिरल्या होत्या आणि सगळ्यांनी 'फेकून द्या' म्हटलं होतं. घड्याळजींनी ते चालू करून दिलं आणि वर दमही भरला, "याला रोज चावी द्यायची. घरच्या माणसाची रोज विचारपूस करतो ना, तशी." अशा माणसाला कोणी विष घालावं, हे बाईंना पटत नव्हतं. पण पटणं न पटणं हे पोलिसांचं काम नाही.

निघताना त्यांनी दवाखान्यात फोन लावला.

"ग्लासच्या तळाशी पान सापडलं," डॉक्टर म्हणाले. "फॉक्सग्लोव्हचं. त्यापासून हृदयाचं औषध करतात, पण अंदाज चुकला की तेच हृदय बंद पाडतं."

"त्यांना आधीचा काही आजार?"

"छे हो! या वयात एकही गोळी चालू नव्हती. ठणठणीत माणूस."

घर लहान, पण मागचं अंगण ऐसपैस. दारालगत बोरेजचा वाफा होता. बोरेज म्हणजे निळ्या चांदण्यांसारख्या फुलांचं झाड. पान चुरडलं की ताज्या काकडीचा वास येतो, म्हणून ते सरबतात टाकतात. फुलं बर्फात गोठवून ठेवली की पाहुण्यांसमोर मिरवायला बरी. अजून बहर आला नव्हता, नुसती पानंच होती. पलीकडे भिंतीशी फॉक्सग्लोव्हची रांग. फुलं घंटांसारखी लोंबतात, म्हणून घरात त्यांना घंटाफुलं म्हणत.

मुलगा दारातच उभा होता. दाढी वाढलेली, डोळे कोरडे.

"सरबत कोणी केलं?" बाईंनी विचारलं.

"आईने. रोज संध्याकाळी एकट्या बाबांसाठी तीच करते. बोरेजची पानं, लिंबू, साखर."

"मग बायकोचं नाव का घेतोस?"

"कारण आईची चूक होऊच शकत नाही! मॅडम, तिची उभी हयात साबणाच्या कारखान्यात गेली, वास तपासण्यात. साहेब लोक तिला विचारल्याशिवाय माल बाहेर सोडत नसत. आजही प्रत्येक पान चुरडून नाकाशी धरते. काकडीचा वास आला तरच ते ग्लासात. त्या संध्याकाळीही धरलं. मी स्वतः पाहिलं."

"पुढे?"

"ग्लास बाबांपर्यंत नेला हिने. घंटाफुलंही हिनेच लावलीत. आणि त्याच दुपारी बाबांशी कडाडून भांडली होती."

"कशावरून?"

"बोरेजवरून. त्याच्या फुलांवर मधमाश्या घोंगावतात. गेल्या वर्षी आमच्या छकुलीला डसल्या. ही म्हणाली, फुलं यायच्या आत सगळं उपटा. बाबा म्हणाले, आधी मला उपट."

बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. बायकोवर आग पाखडल्याशिवाय त्याला बापासाठी रडताही येत नव्हतं.

सून आतल्या खोलीत मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. नवरा गेले दोन दिवस तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आज बोलला, तेही तिच्याशी नाही, फोनवर पोलिसांशी.

"भांडलीस?"

"भांडले. चांगली तावातावाने भांडले." तिने मान खाली घातली नाही. "आठवडाभर माहेरी होते. त्याच सकाळी आले, वाफा बघितला आणि डोकं फिरलं. पण मॅडम, भांडायला आपलंच माणूस लागतं ना?"

"ग्लास तू दिलास?"

"हो. बाबांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. मग डोळे मिटून सगळा ग्लास रिकामा केला. म्हणाले, 'फक्कड झालंय, आईला सांग.' मी सांगितलंही. आई केवढ्या खूश झाल्या." तिने मुलीला जवळ ओढलं. "माझ्या मुलीला 'विषारी बाईची पोर' म्हणतील का हो आता?"

बाईंनी छकुलीच्या डोक्यावर हात ठेवला. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

घड्याळजींची बायको शेगडीजवळच्या स्टुलावर बसली होती. शेगडीवर दूध. भिंतीवर एक लहानसं घंटीचं घड्याळ, बंद पडलेलं.

"काकू, मी आलेय."

"ये गं. बस. चहा टाकते." पण त्या उठल्या नाहीत.

"काका काही कुरकुर करत होते का?"

"पाचसहा दिवस मळमळतंय म्हणत होते. आणि घड्याळांच्या पांढऱ्या तबकड्या पिवळ्या दिसतात म्हणे. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. जन्मभर भिंगातून बघून डोळ्यांचं मातेरं झालेलं."

"हे घड्याळ?"

"त्यांनीच बसवलं, या थंडीत. सकाळ संध्याकाळ घंटी वाजवायचे. गोळीची वेळ चुकते म्हणायचे. आता चावी कोण देणार?"

"आणि हे हातमोजे?" मागच्या दाराजवळ खिळ्याला रबरी हातमोजे लटकत होते.

"तेही त्यांनीच आणले. साबणाच्या खाराने माझे हात फुटलेले, त्यात बोरेजची लव फार टोचते. म्हणाले, राणीसारखे मोजे घालून पानं तोडत जा." त्या हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "वाफ्यात पाणीही तेच घालायचे. आमच्याकडे आपण होऊन उगवलेलं रोप उपटायचं नाही, हा त्यांचाच नियम. आलंय पाहुणं, राहू दे म्हणायचे."

तेवढ्यात दूध करपल्याचा वास घरभर झाला. आतून सून धावत आली आणि तिने शेगडी बंद केली. पातेल्याचा तळ काळाठिक्कर.

"माझं लक्षच नव्हतं गं," काकू म्हणाल्या.

दुःखातल्या माणसाचं लक्ष ठिकाणावर कसं असणार? सुनेने तेच म्हटलं. बाईंनीही मान डोलावली, पण त्यांची नजर भिंतीवरच्या बंद घड्याळावर खिळली होती.

त्या एकट्याच अंगणात आल्या. वाफ्याशी उकिडव्या बसल्या आणि एकेका पानावरून बोट फिरवत गेल्या. खरखरीत. खरखरीत. टोचरं. मग बोट थबकलं. हे पान मऊ होतं, मखमलीसारखं. दिसायला शेजारच्या पानाचं सख्खं भावंड. अशी मऊ पानं आणखीही होती, आणि त्यांतली बरीचशी खुडलेली.

बाईंना एकदम रडू आलं. वर्दीत रडायचं नसतं म्हणून त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, त्या विषाने पिवळं दिसतं का?"

"दिसतं ना. थोडं थोडं पोटात जात राहिलं की ते साठतं. मळमळ होते, पिवळं दिसतं आणि मग एक दिवस..."

"कळलं," बाई म्हणाल्या.

त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. मुलगा सुनेपासून लांब उभा राहिला.

"नेताय ना हिला?"

"आधी माझं ऐक. तुझ्या वडिलांना मळमळ कधी सुरू झाली? पाचसहा दिवस आधी. तबकड्या पिवळ्या दिसू लागल्या त्याही तेव्हाच. विष रोज थोडं थोडं पोटात जात होतं. तेव्हा तुझी बायको कुठे होती?"

मुलाची नजर बायकोकडे गेली. बाईंनीच उत्तर दिलं.

"माहेरी. ती आली शेवटच्या दिवशी. तिने दिला तो फक्त शेवटचा ग्लास."

"मग कोणी घातलं? आई तर प्रत्येक पान हुंगून..."

बाईंनी वाफ्यातलं एक पान तोडलं, चुरडलं आणि काकूंच्या हातात दिलं. "काकू, हे कसलं पान?"

काकूंनी ते सवयीने नाकाशी धरलं. डोळे मिटले. कारखान्यात धरत असतील तशीच ऐटीत मान वर धरली. "बोरेज. काकडीचा वास येतोय की."

"बघितलंत?" मुलगा म्हणाला.

बाईंनी पान काकूंच्या हातून घेऊन त्याला दिलं. त्याने हुंगलं. पुन्हा हुंगलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"याला काकडीचा वास नाहीये," तो पुटपुटला.

"नाहीच. ते घंटाफुलाचं आहे. भिंतीकडचं बी उडून वाफ्यात पडलं. पहिल्या वर्षी त्याला नुसती पानं येतात, फुलं नाहीत. आपण होऊन आलेलं उपटायचं नाही, म्हणून ते राहिलं. मोज्यांमुळे हाताला मऊ-खरखरीत कळलं नाही. उरलं होतं फक्त नाक." बाईंचा आवाज खाली आला. "काकू, मघाशी दूध करपलं. मला वास आला, आतल्या खोलीत हिला आला. तुम्ही शेगडीशेजारी होतात. हे मला चारचौघांत करायचं नव्हतं. पण तुमचा मुलगा हिला बेड्या घालायला निघालाय."

काकूंनी पानाचा रस लागलेली बोटं पदराला पुसली.

"थंडीत ताप आला होता ना," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यात गेलं. वाटलं, येईल परत. जगाने मला ओळखलं ते नाकामुळे गं. ते गेलं म्हटल्यावर मी कोण उरले? म्हणून नुसती नाकाशी धरत राहिले. पानं माझ्या ओळखीचीच होती, कोण चुकणार होतं..." मग त्यांना जे कळायचं ते कळलं. "मी मारलं त्यांना. माझ्या हाताने!"

"आई!" सून पुढे धावली आणि तिने त्यांना धरलं. "घंटाफुलं मी लावली हो. मी!"

"अपघात आहे हा," फौजदारबाई म्हणाल्या. "कागदावर मी तेच लिहिणार. कोणाला बेड्या नाहीत."

"त्यांना कडू लागलं नसेल का?" काकूंनी विचारलं. "बोलले का नाहीत ते?"

हा प्रश्न येणार हे बाईंना माहीत होतं. खोटं बोलावं असं मनापासून वाटलं. पण खोट्यानेच तर हे घर बसलं होतं.

"काकू, काकांना एकही गोळी चालू नव्हती. डॉक्टरांना विचारलंय मी. मग ती घंटी कशाची? सकाळ संध्याकाळ तुमच्या दुधाची वेळ झाली की वाजायची, करपल्याचा वास तुम्हाला येणार नाही म्हणून."

काकूंनी तोंडावर हात ठेवला.

"तुम्हाला वास येत नाही हे त्यांना माहीत होतं. थंडीपासून. विष आहे हे मात्र ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच वाटलं असेल, की पान जून झालंय आणि तुम्हाला ते कळत नाहीये. कडू आहे म्हटलं असतं तर तुमचं गुपित फुटलं असतं. म्हणून फक्कड म्हणाले."

मुलगा वाफ्याच्या कडेला मटकन बसला आणि बापासाठी त्याचा पहिला हुंदका फुटला. रडतच त्याने बायकोच्या पायाला हात लावला. तिने पाय मागे घेतला. ही माफी इतक्या स्वस्तात मिळणार नव्हती, आणि मिळूही नये, असं बाईंना वाटलं. मग सुनेनेच पुढे होऊन मुलीला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि ती सासूजवळ परत गेली.

काकूंनी खाली वाकून उघड्या हाताने बोरेजचं एक पान तोडलं. लव फुटलेल्या बोटांत रुतली तरी त्यांनी ते चुरडलं. सवयीने नाकापाशी नेलं आणि मध्येच थांबल्या. मग तो हात सुनेपुढे केला.

"बघ गं," त्या म्हणाल्या, "मला काहीच येत नाही. कसला वास येतोय?"

सुनेने त्यांचा हात दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला.

"काकडीचा, आई. काकडीचाच."

"हे असं त्यांना विचारायला हवं होतं गं," काकू म्हणाल्या, आणि भर अंगणात लहान मुलासारख्या रडू लागल्या.