थोरलीचा ठोसा

“आली बघ विजेती! नाक आहे ना गं अजून जागेवर?” अंथरुणावरून आई बोलली, आणि थोरलीने दाराकडे वळून बघितलं.

दारात धाकटी उभी होती. कराटेत जिचं नाव जगभर झालं ती... आणि एवढ्या वर्षांत सख्ख्या बहिणीशी जी एक शब्द बोलली नाही, तीही हीच!

परदेशातल्या स्पर्धेसाठी निवडीचा शेवटचा सामना दोघी बहिणींतच लागला होता. कराटेत ठोसा कातडीपाशी येऊन आवरायचा असतो. तोंड फोडलं तर फोडणारा बाद. थोरली गुणांनी पुढे होती, सामना संपतच आला होता, आणि तिने धाकटीचं नाक फोडलं! थोरली बाद झाली, धाकटी परदेशी गेली. घरीदारी एकच बोलणं... जळकी मेली! आई त्याआधीच अंथरुणाला खिळलेली. थोरलीचे खेळात कमावलेले दंड, लागले हो आईला उचलायच्या कामाला! दिवसभरात बोलायला आई तेवढी एकच, आणि तिच्याही तोंडी टोमणे.

“ताई, काल मी पंच होते,” धाकटी म्हणाली. “हरायला आलेल्या एका पोरीने चिडून असाच ठोसा हाणला. तिला बाद केलं, आणि माझा हात वरच राहिला... हरणारी चिडते गं. तू तर जिंकत होतीस!”

“जळले होते मी. झालं समाधान? चहा टाकते.”

“जळणारी जिंकून दाखवेल की बाद होईल? आईपाशी एकीने राहायला हवं होतं. सांगितलं असतंस तर मी राहिले असते!”

“म्हणूनच!” थोरलीच्या तोंडून निसटलं. “मुद्दाम हरले असते तर तू ओळखलं असतंस, गेली नसतीस... रागाने तरी गेलीस.”

“मग माझं जिंकणं कुणाचं, ताई?”

“तुझंच, वेडे! तिकडे काय मी आले होते लढायला?”

धाकटी हुंदके देत तिच्या गळ्यात पडली. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिची पाठ तेवढी गदगदत होती.

डोळे पुसून धाकटीने बाह्या सावरल्या. “आता आईचं मी बघते. तू बाहेर पड. मनाला येईल तिथे जा!”

थोरलीने केस सारखे केले, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेली. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं... आणि तशीच उभी राहिली.

“काय झालं गं, ताई?” धाकटीने खिडकीतून विचारलं.

“अगं...” थोरली कसंनुसं हसली. “कुणाकडे जाऊ?”