पहारा बदली

बॅटरी बंद कर आधी, सम्राट. डोळ्यावर मारू नगंस. ही गोष्ट माझ्या मावसभावाची, जोतीरामची हाय. फौजेत नायक हुता, दंडावर दोन फिती. आता राजारामपुरीत बँकेच्या दारात बंदूक घिऊन बसतोय. खोटं रचून सांगायची अक्कलच न्हाय त्याला.

गेल्या मार्गशीर्षातल्या अमावस्येला तो मलकापूरच्या पुढं, रस्त्याकडंच्या वाडीत गेलता. त्याच्या हाताखालचा शिपाई प्रसेनजीत तिथला. फौजेत असताना, तिकडं हद्दीवरच्या डोंगरावर जोतीरामनंच त्याला पहाऱ्यावर उभा केलता. बदलीचा माणूस पोचायच्या आत बर्फाचा कडा कोसळला. पोरगं सापडलंच न्हाय. त्याच्या आईला, ललिताबाईला, भेटायचं राहिलं हुतं.

बाई रडली न्हाय. भाकरी वाढली, आणि पावसापाण्याचं बोलावं तशी बोलली, "रोज रात्री फाटकात येतोय. आत ये म्हटलं तर ऐकत न्हाय. थंडीत उभाच."

वाडीतल्या रिटायर सुभेदारानं हुकूम देऊन बघितला हुता. तरी हालला न्हाय. मग आईच रात रात जागत बसायची.

जोतीरामचा घास हातातच राहिला. त्याला कळलं की. पहाऱ्यावरचा शिपाई आईचं ऐकत न्हाय, वरच्या हुद्द्याचंबी न्हाय. ज्यानं उभा केला त्यानंच उतरवायचा. आणि जागा रिकामी ठेवायची न्हाय.

बारा वाजून गेलं. कुत्री गप झाली. जोतीराम अंगणात उतरला. फाटकाशी नुसता अंधार...

"थम. कौन आता है?"

हळू आवाज. प्रसेनजीतचाच.

"दोस्त."

असं म्हणत जोतीराम फाटकापाशी गेला.

जोतीरामनं टाचा जुळवल्या. "नायक जोतीराम. पहारा मी घेतला. तू आईकडं जा."

अंगाला घासून गार वारं गेलं. बुटं वाजली. अंगणात... पायरीवर... थांबली.

जोतीरामनं वळून बघितलं न्हाय. घराकडं पाठ करून फाटकातच उभा राहिला, उजाडंपर्यंत. लई भ्याला हुता. पण पहारा सोडून जाणार कसा?

उजाडल्यावर आत गेला. ललिताबाई चुलीपाशी चक्क घोरत हुती. आणि दाराबाहेर, पायरीवर, फौजी बुटांचा जोड. नाड्या सोडल्याल्या. आतनं ओलागच्च.

बुटं अजून तिथंच हायत. बाई कुणाला हात लावू देत न्हाय. परवा मी सोता बघून आलो. वैशाखाचं ऊन पडतंय पायरीवर दिवसभर.

अजून वाळली न्हाईत.